निकालकाका

निकालकाका हा मे ते ऑगस्ट या काळात विशेष सक्रिय असणारा आणि उरलेले आठ महिने तयारीत असणारा गृहस्थ असून तो महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावी आढळतो. प्रस्तुत नोंद बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोदच्या नमुन्यावर आधारलेली आहे. वय पंचावन्न ते सत्तर. पेशा निवृत्त, बहुधा बँक, पंचायत समिती किंवा वीज मंडळ. स्वतःचे अपत्य शिकून मोकळे झालेले असते, त्यामुळे गावाची अपत्ये हाताळायला सवड मिळते. मुंबईत या जातीच्या काकूही विपुल असून तिथली चर्चा कॅथेड्रल, बॉम्बे स्कॉटिश, धीरूभाई अंबानी आणि कुठल्या शाळेतून अमेरिकेतल्या कुठल्या विद्यापीठात किती गेले, या अंगाने जाते. सातपुड्याच्या पायथ्याशी ठिकाणे बदलतात. नागपूरचं जीएमसी, मुंबईचं केईएम, पुण्याचं सीओईपी अशी नावे येतात. प्रश्न मात्र तोच राहतो.

प्रश्न असा : “लागले किती?”

हा प्रश्न निकालकाका कुठेही विचारू शकतात आणि विचारतात. गावाबाहेर नवी इंग्रजी शाळा निघते. माहितीपत्रकावर घोडा असतो, तरणतलाव असतो, टाय लावलेले हसरे मूल असते. काका माहितीपत्रक शेवटच्या पानापासून उलटे वाचत जातात आणि मुख्याध्यापिकांना विचारतात, “मॅडम, मेडिकलला लागले किती?” शाळा सुरू होऊन तीन वर्षे झाली आहेत आणि सर्वांत थोरला वर्ग तिसरीचा आहे, हे मॅडम नम्रपणे सांगतात. “म्हणजे अजून एकही नाही,” असे म्हणून काका तशी नोंद करतात.

गावातले एखादे जुने मास्तर वारतात. शोकसभेत वक्ता सांगतो की गुरुजींनी हजारो विद्यार्थी घडवले. मागच्या रांगेतून हलक्या, दुःखी आवाजात येते, “त्यातले लागले किती?” काकांना स्वतःला दवाखान्यात भरती केले जाते. तरुण डॉक्टर हातात शीर शोधत असतो आणि काका त्याला विचारत असतात की तुमच्या बॅचचे पीजीला लागले किती. शेगावच्या दर्शनबारीत पुढच्या माणसाशी ओळख निघते, तो अकोल्याचा निघतो, मुलगा बारावीला निघतो. मग गाभाऱ्यापर्यंतचा वेळ कसा गेला हे त्या माणसाला कळते, काकांना कळत नाही.

अक्षय्य तृतीयेला याच तालुक्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते. शेतात मांडलेली अठरा धान्ये, मधली घागर, तिच्यावरचे पापड, कुरडई, भजी यांत रात्रीतून काय फरक पडला ते पाहून दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस, पिके आणि राजा यांचे भाकीत सांगितले जाते. ते ऐकायला आलेल्यांत निकालकाका हटकून असतात, कारण वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा साधारण त्याच दिवसांत पडते. कपाशीचे झाले, तुरीचे झाले, राजाची गादी कायम राहिली की काका शेजारच्या शेतकऱ्याला कोपराने डिवचतात : “राजेहो, कट-ऑफचं काही सांगितलं काय?” घटमांडणीच्या भाकितांवर अंधश्रद्धा निर्मूलनवाले आक्षेप घेत आले आहेत. काकांच्या कट-ऑफच्या भाकितांवर अजून कोणी घेतलेला नाही, आणि तीही तितकीच खरी ठरतात.

काकांचे मुख्य साधन म्हणजे वही. ती लाल कापडी पाठीची, लांबट, दुकानदार खतावणीला वापरतात तशी असते. तिचा आरंभीचा भाग कात्रणांचा आहे, कारण तेव्हा बोर्ड गुणवत्ता यादी काढत असे आणि यादीत आलेल्या मुलाचा आईवडिलांनी पेढा भरवतानाचा फोटो पेपरात येई. ती यादी बंद झाली. पुढे २०१० पासून दहावीला पाच सर्वोत्तम विषयांची टक्केवारी धरू लागले, त्यात कला-क्रीडेचे वाढीव गुण आले आणि शंभर टक्केवाली मुले दरसाल निघू लागली. काकांनी दहावीचा रकाना आखडता घेतला. “शंभर तर कोणालेही भेटून राह्यले,” हा त्यावरचा त्यांचा शेरा आहे.

वहीचा मधला भाग लातूरने व्यापला आहे. तिथले राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० चे; जनार्दन वाघमारे पहिले प्राचार्य. तिथून नावारूपाला आलेला लातूर पॅटर्न म्हणजे जादा तास, सराव परीक्षांचा मारा आणि चुकलेल्या प्रश्नाचा पाठपुरावा. ज्या मराठवाड्याला शिक्षणात मागास समजत, त्याने पुण्या-मुंबईच्या शाळांना घाम फोडला, ही गोष्ट काका दर वेळी नव्याने घडल्यासारखी सांगतात. मग २०१६ मध्ये नीट सक्तीची झाली. २०१९ पासून राज्याच्या सीईटीत गुणांच्या जागी पर्सेंटाइल आले आणि काकांच्या आयुष्याला नवे काम मिळाले. ‘अठ्ठ्याण्णव पडले’ म्हणून कोणी पेढे घेऊन आले की काका आधी पेढा खातात. नंतर समजावतात की हे शंभरातले अठ्ठ्याण्णव गुण नाहीत. शंभरातली दोन मुले पुढे आहेत आणि परीक्षेला बसतात काही लाख, तेव्हा पुढे किती हजार उभे आहेत ते घरी जाऊन काढा. पेढे देणाऱ्यांनी क्रम बदलून पाहिला, म्हणजे हिशेब आधी आणि पेढा नंतर. काकांनी दोन्ही घेतले.

२०२० मध्ये वैद्यकीय प्रवेशाचे ७०:३० चे सूत्र रद्द झाले. तोवर राज्याच्या वाट्याच्या सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना मिळत. विदर्भाच्या जागा मुख्यत्वे विदर्भाला. मराठवाड्यात महाविद्यालये कमी, म्हणून तिथला असंतोष जुना होता. सूत्र गेले आणि काकांनी तीन विभागांचे रकाने एका संध्याकाळी पट्टी घेऊन एक केले. लातूरचे कौतुक तेव्हापासून थोडे कमी झाले आहे. २०२४ मध्ये राज्यात दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली, त्यांत बुलढाणाही आले. गावाने फटाके वाजवले. काकांनी शंभर जागांची बातमी दोनदा वाचली आणि विचारले, “त्यात आपले लागले किती?”

‘आपले’ ठरवणे येथे अवघड आहे. वर्तमानपत्रात ‘जळगावचा विद्यार्थी राज्यात अव्वल’ असे छापून येते, काका पेन उघडतात, चार घरी फोन करतात, आणि दुपारपर्यंत कळते की तो खान्देशातल्या जळगावचा. वहीत अशा खोडलेल्या ओळी बऱ्याच आहेत. खान्देशवाल्यांनी आपल्या जळगावलाही काहीतरी जोडनाव लावावे, ही काकांची जुनी मागणी आहे.

निकालकाकांचे शास्त्र खऱ्या अर्थाने कसाला लागते ते बसस्थानकाच्या चौकात, निकालानंतरच्या आठवड्यात. तिथे शाळा, कनिष्ठ महाविद्यालये आणि क्लासेस यांचे फ्लेक्स एकमेकांच्या खांद्यावर चढलेले असतात. सामान्य माणूस चेहरे मोजतो आणि दबून जातो. काका चेहरे ओळखतात. वरच्या फ्लेक्सवरचा चष्मेवाला खालच्या फ्लेक्सवर बिनचष्म्याचा आहे. तोच डावीकडच्या फ्लेक्सवर कोटमध्ये आहे, जो त्याच्या अंगावर संगणकाने चढवला आहे. उलगडा असा, की मुलगा सातवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत होता, दहावी एका खाजगी शाळेतून झाला, अकरावी-बारावीला नाव एका महाविद्यालयात आणि देह अकोल्याच्या क्लासमध्ये होता, मग एक वर्ष रिपीट केले ते लातूरला, आणि मध्ये कोटाच्या कुठल्याशा संस्थेची सराव परीक्षामाला घरबसल्या सोडवली. सहांपैकी पाचांनी त्याला ‘आमचा विद्यार्थी’ म्हणून टांगले आहे. जिल्हा परिषदेकडे फ्लेक्सचे बजेट नाही.

नाव एकीकडे आणि वर्ग दुसरीकडे, या प्रकाराला आळा बसावा म्हणून शासनाने २०१८ मध्ये विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी लावायला सांगितली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी नियमावली काढली : निवड झाल्यावर मुलाची लेखी संमती घेतल्याखेरीज फोटो लावायचा नाही, आणि त्याने नेमका कोणता अभ्यासक्रम केला तेही लिहायचे. काकांनी या नियमावलीची छापील प्रत चौकातल्या एका क्लासवाल्याला नेऊन दाखवली. क्लासवाल्याने त्यांना चहा पाजला आणि फ्लेक्स होता तिथेच राहिला.

तुलनेतला खरा पेच चेहऱ्यांच्या पुढे आहे, आणि इथे काकांचा अधिकार मान्य करावा लागतो. समजा एका शाळेतून चाळीस मुले बसली आणि पाच लागली. दुसरीतून तीनशे बसली आणि सहा. फ्लेक्सवर सहा मोठे दिसतात. काका छेद विचारतात. छेद कळला की चाळीसवाली शाळा श्रेष्ठ ठरते, पालक तिकडे धावतात, आणि तेव्हा काका पुढचे विचारतात : ती चाळीस पोरे आत घेतली कशी? प्रवेशपरीक्षा घेऊन, आईवडिलांची मुलाखत घेऊन, आणि नववीत कच्ची निघालेली दाखला देऊन घरी पाठवून. म्हणजे गाळून घेतलेले पाणी स्वच्छ निघाले, यात गाळणीचे कौतुक किती आणि विहिरीचे किती, हा हिशेब उरतोच. इंग्लंडात १९९२ पासून शाळांच्या निकालांचे तक्ते सरकार छापते. मूल शाळेत आले तेव्हा कुठे होते ते पाहिल्याशिवाय निकालाला अर्थ नाही, ही ओरड होत होत २०१६ मध्ये त्यांनी माध्यमिक शाळांसाठी ‘प्रोग्रेस ८’ ही प्रगती मोजणारी पद्धत आणली. बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या नामांकित निवड-शाळांवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कट-ऑफच्या किंचित वरची आणि किंचित खालची मुले ताडून पाहिली. एक आत गेले, दुसरे थोडक्यात बाहेर राहिले. पुढच्या परीक्षांत दोघांत फारसा फरक दिसला नाही. काकांनी हा अभ्यास वाचलेला नाही. त्यांच्या वहीत तो वऱ्हाडीत आहे : “पोट्टं हुशार असलं का शाळा हुशार होते.”

हे एवढे कळत असूनही काका चौकात तुलना करीतच राहतात, हा त्यांचा दोष आहे आणि तो लहान नाही. त्यांच्या प्रश्नाने सातवीतल्या मुलांची झोप जाते. एका पाहुण्याचा मुलगा तबला छान वाजवतो, हे ऐकल्यावर काकांनी विचारलेला प्रश्न येथे पुन्हा देण्याची गरज नाही. चार आकडे पाठ असलेला माणूस गावात शिक्षणतज्ज्ञ ठरतो आणि पोराला काय आवडते हे विचारणारी आत्या भोळी ठरते. काकांच्या शब्दावर शेत गहाण टाकून लातूरला खोली घेणारे पालक आहेत, आणि त्यांची सगळी पोरे लागलेली नाहीत. वहीत न लागलेल्यांना ओळ नसते.

स्वतः काकांची मुलगी घरामागच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली. इतका तुलनात्मक अभ्यास असताना ती शाळा का निवडली, असे विचारल्यास काका वही मिटतात. “जवळ होती,” म्हणतात.

वहीत शेवटी एक अरुंद रकाना आहे : ‘परत आला?’ म्हणजे डॉक्टर होऊन तालुक्यात परतला का. तालुक्याचा बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो. पाण्यातल्या क्षारांचा आणि मूत्रपिंडाच्या आजारांचा संबंध इथल्या घराघरात बोलला जातो आणि रुग्ण तपासणीला अकोल्याच्या वाटेला लागतात. त्या रकान्यात ‘हो’ फार थोड्या ठिकाणी आहे. इतरांना विचारायचा प्रश्न काका इथे स्वतःशी उलटा विचारत असावेत. मोठ्याने विचारताना कोणी ऐकलेले नाही.

जून उजाडला की मात्र काकांच्या ओट्यावर वेगळी गर्दी होते. सातपुड्याच्या कुशीतल्या वाड्यांतून, पहिल्यांदाच बारावी झालेल्या घरांतून बापलेक येतात आणि चप्पल काढून उभे राहतात. काका त्यांना गुण विचारत नाहीत. पिशवीतली कागदे मागतात. अधिवास आहे का, उत्पन्नाचा दाखला कोणत्या सालचा, नॉन-क्रिमीलेअर पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालतो का. मुलगी असेल तर आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे, हे बापाला दोनदा सांगतात, कारण पहिल्यांदा त्याला पटत नाही. पसंतीक्रम भरताना पहिल्या क्रमांकावर उगाच काही टाकू नये, ती जागा मिळाली की तीच घ्यावी लागते, हे पेन्सिलीने लिहून देतात. पैसे घेत नाहीत. चहाही घरचाच. प्रवेश झाल्यावर पोरगा पेढे घेऊन येतो तेव्हा काका त्याच्या शाळेचे नाव विचारून घेतात आणि वही उघडतात. तेवढी फी त्याने द्यावी.

प्रवेश बहुतेक वेळा शाळेमुळे हुकत नाही, कागदामुळे हुकतो, हे काकांचे एकमेव विधान आजवर कोणी खोडलेले नाही. राखीव प्रवर्गातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचे तर जात वैधता प्रमाणपत्र लागते, अनुसूचित जमातीसाठी समिती वेगळी असते, आणि अर्ज अकरावी-बारावीतच करायचा असतो. घरात विज्ञान शाखेचे मूल असेल आणि तो अर्ज अजून गेला नसेल, तर आधी तो करावा. कुठली शाळा चांगली ते सांगायला काका चौकात आहेतच.