कुंपणस्थ

पुण्याच्या जुन्या बंगल्यांच्या सोसायट्यांमध्ये दोन आवारांना विभागणारी भिंत बहुधा छातीइतकी उंच असते, आणि अशा भिंतीवर दोन्ही कोपरे टेकवून बराच वेळ उभे राहता येते या एका सोयीतून शेजाऱ्यांचा जो प्रकार निपजला, त्यास येथे ‘कुंपणस्थ’ म्हटले आहे. गृहस्थ आणि वानप्रस्थ यांच्या मधली ही अवस्था शास्त्रकारांच्या नजरेतून निसटली असली, तरी निवृत्तिवेतन सुरू होताच ती अनेकांना आपोआप प्राप्त होते.

एरवी सुप्त असणारा कुंपणस्थ पलीकडच्या आवारात पहार पडल्याच्या पहिल्या आवाजाबरोबर प्रकट होतो. समजा, तेथे शोषखड्डा घेणे चालू आहे. म्हणजे गच्चीवरचे पावसाचे पाणी पाइपातून आणून जमिनीत मुरवण्यासाठी, तळाशी दगडगोटे, त्यावर खडी आणि सर्वांत वर जाड वाळू असे थर भरलेला खड्डा. ‘काय, काढलं वाटतं काम?’ या त्याच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर अपेक्षित नसते. दुसरे वाक्य ‘मला काय करायचंय म्हणा, पण…’ असे सुरू होते, आणि त्यातील ‘पण’पर्यंतचा भाग अर्थाने नकारार्थी असला तरी व्यवहारात तो देखरेखीचा कार्यभार स्वीकारल्याची घोषणा असतो.

‘खाली काळा दगड लागणार बघा’ हे त्याचे भाकीत मात्र आजवर खोटे ठरलेले नाही. दख्खनच्या पठारावर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरून हा दगड तयार झाला असल्याने, पुण्यात माती आणि मुरूम, म्हणजे त्याच खडकाचा झिजून भुसभुशीत झालेला थर, उपसल्यावर आज ना उद्या तोच लागायचा. परंतु टिकाव खणकन वाजताच कुंपणस्थाच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरते, ते पाहता तो दगड त्यानेच रात्री आणून पुरला असावा, अशी शंका घरमालकास येते.

त्याची खरी विद्वत्ता हिशेबात दिसते. पाच फूट लांब, पाच फूट रुंद आणि चार फूट खोल खड्ड्याचे माप शंभर घनफूट, म्हणजे बांधकामाच्या भाषेत एक ब्रास भरते. परंतु दाबून बसलेली माती उपसली की मोकळी होऊन फुगत असल्याने बाहेरचा ढीग सव्वा ब्रासच्या आसपास जातो. घमेली मोजत उभ्या असलेल्या कुंपणस्थास हा वरचा पाव ब्रास स्वस्थ बसू देत नाही. खड्डा ठरल्यापेक्षा मोठा होतो आहे आणि तो भिंतीखालून आपल्याच आवाराकडे येत आहे, असे अनुमान काढून तो टेप आणण्यासाठी आत जातो. मजुरी किती ठरली, हेही तो विचारतो. आकडा कोणताही असो, मालक फसलेला असतो.

कायद्याचे ज्ञान त्यास वर्षासह असते. खड्ड्याच्या आड येणारी केळ काढताना तो १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याची आठवण करून देतो, आणि वनस्पतिशास्त्रानुसार केळ हे झाड नव्हे, असे कोणी म्हटल्यास ‘बरं, तुम्ही म्हणाल तसं’ या शब्दांनी वाद संपवतो, ज्यांचा अर्थ पुण्यात वाद पुढे ढकलला असा होतो.

हे सर्व असह्य होऊन मालक भिंत दोन फूट वाढवण्याचा विचार करू लागतो, परंतु ते कामही कुंपणस्थाच्याच देखत करावे लागणार असल्याने तो विचार मागे पडतो. पुढे जूनमध्ये पहिली मोठी सर येते, तेव्हा पाइपाचे पाणी वाळूत जिरते की वर तुंबते हे पाहण्यासाठी भिंतीपलीकडे भल्या पहाटे छत्री उघडलेली असते, आणि कित्येक आठवडे त्याची नजर चुकवणारा मालक आता खिडकीतून खड्ड्याकडे न पाहता त्याच्या तोंडाकडे पाहत असतो.

‘उतरतंय,’ पलीकडून निकाल येतो. ‘पण जरा सावकाश.’