एकास बहात्तर

प्लास्टिकच्या छोट्या विमानांचं एक रूढ प्रमाण असतं, एकास बहात्तर. खऱ्या विमानातले बहात्तर मिलिमीटर म्हणजे आपला एक. निवृत्तीनंतर हाताला काही चाळा हवा म्हणून मी टायगर मॉथचा संच आणला. डी हॅविलँड कंपनीचं हे बायप्लेन १९३१ साली पहिल्यांदा उडालं आणि पुढे ब्रिटिशांचे काय, आपल्या हवाई दलाचे काय, कितीतरी शिकाऊ वैमानिक त्यावर धडे गिरवून गेले. खऱ्याच्या पंखांची लांबी ८.९४ मीटर, माझ्याची साडेबारा सेंटिमीटरही नाही. खोक्यावर ‘वय वर्षे ८ व पुढे’ असं छापलं होतं. पुढे म्हणजे किती पुढे, ते नव्हतं.

आठ वर्षांच्या पोरासारखं जोडून मोकळा झालो असतो तर बरं होतं, पण माझ्या डोक्यात अचूकपणाचं खूळ शिरलं. संचातल्या पंखांवरचं कापड फासळ्यांच्या मधे असं खचलं होतं, जणू बाजेवर ओली चादर टाकली आहे. खऱ्या विमानावर लिनन ताणून त्यावर डोप फासत. डोप वाळताना आकसे आणि कापड टणटणीत होई. तेव्हा मी पॉलिश पेपर घेऊन बसलो आणि घासत घासत फासळ्या बेताच्या केल्या, पंखाची मागची जाडी कडा पातळ केली, त्या भरात एलेरॉनच्या, म्हणजे पंखामागच्या हलत्या पट्ट्यांच्या, रेघाही पुसल्या गेल्या, म्हणून हिच्या शिवणाच्या डब्यातली सुई घेऊन चारही पंखांवर नव्या रेघा सुबक कोरल्या. टायगर मॉथला एलेरॉन फक्त खालच्या पंखांना असतात.

वरच्या पंखांवरच्या रेघांत लांबी भरली, पेपर फिरवला, पुढे सरकलो. पुढच्या जागेवरच्या मास्तरांना पॅराशूटसकट बाहेर पडता यावं म्हणून कंपनीने वरचा पंख पुढे सरकवला होता आणि तोल राखायला पंखांना मागे कल दिला होता. हा कल मी नातवाच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने तपासत होतो, तेवढ्यात सुपर ग्लूची नळी कलंडली आणि माझा अंगठा वरच्या पंखाला चिकटला. सुटला तेव्हा मागे ठसा राहिला, अगदी रेषान् रेषा. दोन रेषांत अर्धा मिलिमीटर, गुणिले बहात्तर, म्हणजे छत्तीस मिलिमीटरची सरी! मास्तर बाहेर पडताना ठेचकाळलेच असते.

“अहो, आधार कार्डाला चालेल,” ही म्हणाली.

राहता राहिल्या पंखांमधल्या तारा. हवेत पंख वर उचलले जातात तेव्हा त्यांना धरणाऱ्या वेगळ्या, जमिनीवर त्यांचं ओझं पेलणाऱ्या वेगळ्या. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर, गुणिले बहात्तर, पाच मिलिमीटर. जाडी जमली. रंग पोलादी हवा, म्हणजे केस पिकलेला हवा. मी भिंग घेऊन हिच्या मागे उभा राहिलो.

“काय शोधताय?”

“पांढरा केस. चांगला लांब.”

त्या रात्री मला पिठलं मिळालं, तेही सकाळचं. कच्चा माल मग माझ्याच डोक्यावरून काढावा लागला, आणि तिथे पुरवठा मुळातच तुटपुंजा. केसागणिक विमान सजत गेलं आणि मालक उजाड होत गेला.

मे महिन्यात तारा कशा ताठ होत्या! जूनची पहिली सर आली आणि सगळ्या लोंबल्या. दमट हवेत केस लांबतो. सोस्यूर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात याच गुणावर आर्द्रता मोजायचं यंत्र केलं होतं. हे मी घरात सांगितलं. एरवी माझं बोलणं कुणी ऐकत नाही, हे नेमकं ऐकलं.

आता ही रोज सकाळी बादली घेऊन आधी विमानापाशी येते. तारा ताणलेल्या असल्या की कपडे गच्चीत, लोंबत असल्या की पंख्याखाली. परवा समोरच्या काकू दारात उभ्या होत्या.

“गोधड्या भिजवायच्यात,” म्हणाल्या, “तुमचं विमान काय म्हणतंय?”