गाल फुगवण्याचा रियाज

पेटीच्या क्लासात रियाजाचं शास्त्र मी घोटून घेतलं होतं. बंदिशीचे तुकडे पाडा, अवघड जागा आधी संथ लयीत बसवा, चुकलात तिथे थांबा, थोडं मागून पुन्हा धरा. शास्त्र पक्कं आहे. पेटी, सतार, व्हायोलिन, सगळ्यांना लागू पडतं. पुढे बदली होऊन जव्हारला आलो आणि तारप्याने त्या शास्त्राची वासलात लावली.

तारपा म्हणजे वाळवलेला दुधी भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा लांबलचक भोंगा. वाजवणारा श्वास घेतो, पण सूर तुटत नाही. गालात साठवलेली हवा तोंडाने ढकलायची आणि त्याच क्षणी नाकाने नवी ओढायची. ऑस्ट्रेलियातला डिजरीडूवालाही हेच करतो. पण आपल्या तारप्याभोवती फेर धरलेली अख्खी वस्ती असते. चाल बदलली की तिचं पाऊल बदलतं. तिथे ‘थांबा हं, ही जागा पुन्हा घेतो’ म्हणून बघा!

तारपा वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांकडे मी वही, पेन आणि मोबाइलमधला मेट्रोनोम घेऊन गेलो. ‘आधी कुठली चाल बसवू?’ त्यांनी पपईचा पोकळ देठ आणि पाण्याने भरलेला तांब्या पुढे केला. ‘बुडबुडं थांबवायचं नाय, साहेब.’ अभ्यासक्रम संपला.

घरी मी गाल फुगवून बसलो की बायको लवंगतेल आणून ठेवायची.

पण म्हाताऱ्याचं गणित बरोबर होतं. इथे तुकडा पाडायचा तो चालीचा नव्हे, कामाचा. आधी नुसता श्वास. मग न फुंकता, काठीवर नुसती बोटं. आणि चाल शिकायची ती फेरात नाचून. ती पायात बसली की बोटांना सापडते. मेट्रोनोम मी काढून टाकला. नाचणाऱ्यांइतका कडक ठोका त्याच्याकडे नाही.

जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली, तीही या तारप्यासाठीच. त्यांच्या घरात तो पिढ्यान्‌पिढ्या वाजतो आहे. आमच्या घरात सध्या तांब्या वाजतो.

तुम्हालाही तारपा शिकायचा असेल, तर आधी तांब्याच घ्या. आणि दाराला आतून कडी लावा.