अग्रगण्य, नामांकित, सुप्रसिद्ध

आपल्याकडे कंपनीबद्दल लिहायचे दोनच सूर रूढ आहेत. एक सत्काराचा आणि दुसरा ग्राहक मंचात केलेल्या तक्रारअर्जाचा. एक तर शाल-श्रीफळ, नाहीतर वकिलाची नोटीस. विकिपीडियावर या दोन्हींना मज्जाव, आणि खरी पंचाईत तिथेच सुरू होते.

मराठी विकिपीडियावर फावल्या वेळात संपादनं करणाऱ्याला हे वाक्य हमखास भेटतं : ‘दर्जाशी कधीही तडजोड न करता लाखो ग्राहकांचा विश्वास संपादन केलेली ही पंपनिर्मिती क्षेत्रातील एक अग्रगण्य कंपनी आहे.’ कानाला कसं गोड लागतं! आता त्याला हात लावा. ‘कधीही’ म्हणायला पहाऱ्यावर कोण बसलं होतं? ‘लाखो’ कुणी मोजले? विश्वास बसल्याचं ग्राहक सांगताहेत की कंपनी? आणि ‘एक अग्रगण्य’ म्हणजे रांगेत सगळ्यांत पुढे एकूण किती जण उभे आहेत? एकेक शब्द गळत जातो आणि शेवटी उरतं : ‘ही कंपनी पंप बनवते.’ एवढं मात्र प्रतिस्पर्ध्यालाही नाकारता येणार नाही. तरीही कुणीतरी त्यापुढे ‘संदर्भ हवा’ चिकटवून जातोच.

मग संदर्भाची शोधाशोध. वर्तमानपत्रात बातमी सापडते, फोटोत फीत, कात्री आणि मंत्री असतात. पण खालचा मजकूर कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकातून जसाच्या तसा उतरवलेला. विकिपीडियाला हवा असतो तो कंपनीशी लागाबांधा नसलेल्या माणसाने, विषयात जरा खोल शिरून लिहिलेला मजकूर. नेमणुका, उद्घाटनं, भांडवल उभारणी यांच्या नेहमीच्या बातम्यांचा ढीग घातला तरी उल्लेखनीयता सिद्ध होत नाही. उद्योजकता पुरवण्यांबद्दल तर बोलायलाच नको. त्यांत बातमी कुठे संपते आणि जाहिरात कुठे सुरू होते, ते बिल फाडणाऱ्यालाच ठाऊक.

जुन्या कंपनीचं काम तरी सोपं असेल म्हणून किर्लोस्करांकडे वळावं. समूह आपली स्थापना १८८८ सालची सांगतो, तेव्हा लेखातही ‘सांगतो’ हेच क्रियापद बरं. बेळगावातलं सायकलचं दुकान, लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर, १९१० साली कुंडलच्या माळावर वसवलेली किर्लोस्करवाडी, इथवर ठीक चालतं. मग येते ती सर्वांची आवडती गोष्ट : लोखंडाने जमीन विषारी होईल या भीतीने शेतकरी नांगर घेईनात आणि तयार माल तसाच पडून राहिला. ही गोष्ट गाळवत नाही. पण ती आपल्यापर्यंत मुख्यतः किर्लोस्करांच्याच बाजूने आलेली. न घेणाऱ्या शेतकऱ्याने आठवणी लिहून ठेवल्या नाहीत. ‘असे म्हटले जाते’ या आडोशाला जावं, तर लगेच कुणीतरी विचारतो, ‘कोण म्हणतं?’

त्यात १९२० साली किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. शंकरराव किर्लोस्करांच्या हाताखाली कारखान्याच्या त्या वार्तापत्राचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं आणि घराघरांत वाचलं जाऊ लागलं. आता नांगरावरच्या लेखाला त्याचा आधार चालेल का? काटेकोरपणे पाहिलं तर ते कंपनीचंच पत्र. पण मराठी वाचक घडवणाऱ्या मासिकाला ‘स्वतंत्र नाही’ म्हणून बाजूला सारताना हात अडखळतो. माझ्या मते सालं आणि नावं त्यातून खुशाल घ्यावीत, कौतुक मात्र दुसरीकडून आणावं. आणि कोश तरी कुठे कंपनीच्या वाऱ्यालाही उभे न राहणारे? श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोश काढण्यासाठी चक्क मर्यादित कंपनी स्थापून तिचे भाग विकले होते.

उलट्या टोकाची मंडळीही असतात. कुणाचा मिक्सर वॉरंटी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी जळतो आणि तो रात्री तडक त्या कंपनीच्या लेखात ‘वाद आणि टीका’ असा विभाग उघडतो. दुःख अगदी खरं असतं. पण नियमांच्या लेखी ते ‘मूळ संशोधन’, म्हणजे स्वतःच्या मनचं. एरवी ज्याला कुणी संशोधक म्हणणार नाही, त्याला मिक्सर जळाल्यावर हा मान मिळतो, आणि तोही मजकूर उडवताना.

सगळ्यांत नम्र असतात ते चर्चापानावर येणारे नवे सदस्य. खातं कालचंच, संपादनं सगळी एकाच लेखात. पगार घेऊन लिहीत असाल तर तसं जाहीर करा, हा नियम दाखवला की ‘आपण केवळ हितचिंतक आहोत’ असं उत्तर येतं. हितचिंतकाला ‘अग्रगण्य’ परत हवं असतं. आपण संदर्भ मागतो. तो आठवड्याभराने एका पुरवणीचा दुवा देतो आणि त्यात खरोखरच छापलेलं असतं : ‘दर्जाशी कधीही तडजोड न करता...’ स्वल्पविरामासकट तेच वाक्य, आपण खोडण्याआधी पुरवणीवाल्याने विकिपीडियावरून उचललेलं. आता ते छापील आहे, तारीख आहे, पान क्रमांक आहे. हितचिंतक विचारतो, ‘सर, आता तरी चालेल ना?’