जठराच्या कर्करोगासाठी उंदीर कसा निवडावा

आधी विषाणू मिळवावा. एपस्टीन-बार विषाणूचा, म्हणजे ईबीव्हीचा, तुटवडा नाही. जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या अंगात त्याचा कायमचा मुक्काम असतो, बहुधा तुमच्याही. जठराच्या सुमारे ९ टक्के कर्करोगांत तो सापडतो. आता साधा उंदीर घेऊन त्याला हा विषाणू टोचावा. काहीही होणार नाही. तुमची पद्धत अचूक आहे. ईबीव्हीला माणसावाचून करमत नाही, इतकेच.

माकडे सुचवणारे भेटतील. कोलंबियातल्या टॅमरिन माकडांना ईबीव्ही टोचल्यावर गाठी येतात खऱ्या, पण लसिकापेशींच्या. शिवाय ती माकडे नामशेष व्हायला टेकली आहेत. मंगोलियन जर्बिलला जठराचा कर्करोग होतो, हे जपानी संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले. मात्र ती करणी हेलिकोबॅक्टरची, म्हणजे जिवाणूची. विषय बदलायची तयारी असेल तर जर्बिल उत्तम.

नसेल, तर उंदरालाच थोडा माणूस करावा. प्रतिकारशक्ती जवळपास नसलेल्या उंदरात मानवी नाळेच्या रक्तातल्या मूळपेशी सोडाव्यात आणि काही महिने थांबावे. मग ईबीव्ही टोचावा. तो थेट मानवी बी-पेशींत शिरेल आणि पुन्हा लसिकापेशींच्याच गाठी उठतील. जठराचे अस्तर उंदराचेच राहिलेले असते. त्याकडे तो ढुंकूनही पाहत नाही. (तसेही उंदराचे अर्धे जठर आतून त्वचेसारखे असते. ते कोणाच्या लक्षात आणून देऊ नये.)

आता हुकमी उपाय. कोरियन रुग्णाच्या गाठीतून वाढवलेल्या एसएनयू-७१९ या पेशींत ईबीव्ही मुळातच आहे. त्या पेशी प्रतिकारशक्ती जवळपास नसलेल्या उंदराच्या कुशीत, कातडीखाली टोचाव्यात. गाठ वाढू लागली की व्हर्नियर कॅलिपरने मोजावी: लांबी गुणिले रुंदीचा वर्ग, भागिले दोन. कर्करोग जठराचा, पेशी माणसाच्या, विषाणू खरा. जठराचा मात्र कुठे संबंध नाही.

एक बारीक अडचण उरते. माणसात या गाठी टी-पेशींनी गच्च भरलेल्या असतात आणि त्यांना थोपवणारे पीडी-एल१ हे प्रथिनही अनेकदा भरपूर असते. म्हणूनच प्रतिकारशक्तीला मोकळे सोडणाऱ्या औषधांकडून इथे मोठी आशा आहे. तुमच्या उंदरात मानवी गाठ तगली, ती मुळात टी-पेशी नव्हत्या म्हणून. तेव्हा ही औषधे त्याच्यावर तपासू नयेत. बाकी सगळे तपासावे आणि मर्यादांचा उल्लेख शोधनिबंधाच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदात करावा.

नीतिमत्ता समितीच्या अर्जात ‘हाच प्राणी का?’ असा रकाना असतो. तो सर्वांत शेवटी भरावा.