सर्कलसाहेब शिवेवर

महसूल खात्यात मी तेहतीस वर्षं काढली. आधी तलाठी, मग मंडळ अधिकारी, म्हणजे गावच्या तोंडी ‘सर्कलसाहेब’. या काळात मी मुख्यतः रस्ते मोकळे केले. भावाने भावाच्या वाटेवर काट्या टाकायच्या, भावजयीने तहसीलला अर्ज द्यायचा आणि मी टळटळीत उन्हात बांधावर उभं राहून १९०६ च्या मामलेदार कोर्ट ॲक्टाखाली पंचनामा लिहायचा. त्यामुळे ग्लॉस्टरशायरमधल्या खेड्यात राहणारी आमची लेक जेव्हा म्हणाली, “बाबा, शेतांतून छान पायवाटा आहेत, पण नकाशा नीट बघून जा हं,” तेव्हा मला हसूच आलं. नकाशा! मला!

जावईबापूंनी मात्र जी माहिती दिली, तिने मी खुर्चीत सावरून बसलो. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा हक्काच्या वाटा मिळून सुमारे २,२५,००० किलोमीटर भरतात. खासगी शेतांतून, चर्चच्या आवारातून, कधी तर कुणाच्या परसातून. लोक वीस वर्षं बिनबोभाट, कुणाची परवानगी न घेता चालत राहिले, की ती वाट सार्वजनिक झाली असं कायदा धरून चालतो. अहो, ही तर आपली वहिवाट! आपल्या १८८२ च्या इझमेंट ॲक्टातही वीसच वर्षं. फरक एवढाच, की १९४९ च्या कायद्यानंतर त्यांनी गावोगावी माणसं चालवून एकेक वाट नोंदवून घेतली आणि नकाशावर चढवली. नकाशात आली म्हणजे आहे. पुढे वाद नाही. शेताच्या मधून जाणारी वाट शेतकऱ्याने नांगरली, तर साधारण चौदा दिवसांत पुन्हा पाडून द्यायची. चौदा दिवस! आमच्याकडे तेवढ्यात नोटिशीवर सही होत नसे. (सही मीच करायचो.)

दुसऱ्या दिवशी एकटाच निघायचं ठरवलं. जावयाकडे ऑर्डनन्स सर्व्हेचा नारिंगी वेष्टनाचा नकाशा होता, पण तो चादरीएवढा. म्हणून लागेल तेवढ्या तुकड्याची घरच्या यंत्रावर प्रत काढली, तीही काळीपांढरी.

“अहो, रंगीत काढा की,” बायको म्हणाली.

“परक्याची शाई कशाला घालवायची? आणि गावनकाशा कधी रंगीत असतो का?”

आपल्या गावनकाशात पायमार्ग एका तुटक रेषेने दाखवतात आणि गाडीमार्ग दुहेरी. माझ्या प्रतीत एक ठसठशीत ठिपक्यांची रेघ गावाला वळसा घालून निघाली होती. पायमार्ग. विषय संपला.

सुरुवात झकास झाली. खांबावर पिवळा बाण, म्हणजे पायी जाणाऱ्यांची वाट. निळा असेल तर घोडेवालेही चालतात. मग एक किसिंग गेट लागलं. नाव रोमँटिक, पण काम एका वेळी एका माणसाला आत घेऊन झुलतं फाटक फिरवण्याचं. गुरं अडावीत म्हणून केलेली ही सोय. माझं पोट पाहून फाटकाचाही क्षणभर गोंधळ झाला. पलीकडच्या कुरणात गाई होत्या आणि गाईंत एक बैल. याचाही कायदा जावयाने सांगितला होता. दहा महिन्यांवरचा दुभत्या जातीचा वळू पायवाटेच्या शेतात सोडायला बंदी. मांसासाठी पाळलेल्या जातीचा चालतो, पण सोबत गाई हव्यात. म्हणजे सहकुटुंब बैल सभ्य असतो, असं पार्लमेंटचं मत. त्याची जात विचारायला मी थांबलो नाही.

कुरण संपलं तिथे खांबावरचा बाण डावीकडे म्हणत होता. माझे ठिपके म्हणत होते, सरळ. कागद आणि जागा यांत तफावत आली, तर आम्ही महसूलवाले कागदाच्या बाजूने. मी सरळ घुसलो. समोर कुंपणाची झाडी, आणि झाडीच्या पायाशी नेटल, म्हणजे आपल्या खाजकुयलीची विलायती मावसबहीण. पोटऱ्यांना आग लागली. तरी मनात शेतकऱ्याविरुद्ध अतिक्रमणाची नोटीस तयार होतच होती. पुढे ठिपके ओढ्यात उतरले आणि ओढ्याच्या मधोमध चालू लागले. मीही. गुडघाभर पाण्यात, बूट हातात, कागद दातांत.

तेवढ्यात चारचाकी फटफटीवरून एक म्हातारी शेतकरीणबाई काठावर येऊन थांबली. म्हणाली, “कॅन आय हेल्प यू?”

मी कागद दातांतून काढला आणि नम्रपणे म्हणालो, “नो, थँक यू.”

या प्रश्नाचा तिकडचा अर्थ ‘इथे काय करताय, चालते व्हा’ असा होतो, हे लेकीने मला संध्याकाळी सांगितलं. बाईंनी मात्र हात पुढे केला, ओला कागद पाहिला आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग बोट ठेवून समजावलं, की ही वाट नाही, ही पॅरिशची हद्द आहे.

पॅरिश म्हणजे तिकडची ग्रामपंचायत. मी शिवेवरून चाललो होतो! ज्याने तेहतीस वर्षं शिवेचे दगड तपासले, तो शीव ओळखू शकला नाही आणि तिच्यावरून ओढ्यात उतरला.

बाई भल्या होत्या. म्हणाल्या, पूर्वी गावकरी वर्षातून एकदा पाद्र्याला घेऊन अशीच शिवेची फेरी काढत आणि पोरांना हद्दीच्या दगडांवर आपटत किंवा छड्या मारत, म्हणजे हद्द जन्मभर लक्षात राहावी. काही गावांत ही फेरी अजून निघते, आपटणं तेवढं आता गमतीचं. माझ्या पोटऱ्यांकडे पाहून त्यांनी काठावरची डॉकची रुंद पानं चोळायला दिली. आपल्या आंबट चुक्याच्या कुळातली. आग काही थांबली नाही, पण नाही म्हणायचा प्रयोग मी एकदा करून चुकलो होतो.

घरी येऊन जावयाचा मूळ नकाशा टेबलावर पसरला. बायको खांद्यावरून पाहत होती. शीव काळ्या ठिपक्यांत होती. पायवाट हिरवी होती.