खर्च किरकोळ खाती

अश्वारोहणाची कला अंगी नसली तरी तिचा अभिमान मात्र आयुष्यभर बाळगता येतो, हे मी स्वतःच्या उदाहरणावरून सप्रमाण सिद्ध करून देईन. महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून उभी हयात सायकलीवर काढलेल्या माणसाला, जमाबंदीच्या दौऱ्यावर घोड्यावरून गावोगाव हिंडणाऱ्या जुन्या मामलेदारांच्या कथा ऐकून ऐकून, आपली खरी जागा खोगिरावर होती आणि केवळ काळ आडवा आल्यामुळे आपण खुर्चीत बसलो, असे वाटू लागले तर त्यात नवल ते कोणते? म्हणूनच, जखमी घोडेस्वारांच्या साहाय्यार्थ अश्वारोहणाचे शिबिर भरवावे, त्याचे शुल्क देणगीरूपाने घ्यावे, आणि हे सारे मेहरूण तलावाकडच्या एका मोकळ्या मैदानावर पार पाडावे, असा विचार जळगाव-धुळ्याच्या आमच्या मित्रमंडळात निघाला, तेव्हा पहिली पावती मी फाडून घेतली. मंडळींना त्यात परोपकारबुद्धी दिसली. मला मात्र फेट्यासह छायाचित्र हवे होते.

परदेशचा दाखला दिल्याखेरीज आपल्याकडे वर्गणीचा ओघ सुरू होत नाही, हे ओळखून आमच्या धुळेकर अध्यक्षांनी उद्घाटनाच्या भाषणात विलायतेचा इतिहास कथन केला. १९६३ च्या डिसेंबरात टिम ब्रुकशॉ आणि पुढच्याच वर्षी ग्रँड नॅशनलच्या शर्यतीत पॅडी फॅरेल, असे दोन जॉकी घोड्यावरून पडून कायमचे पंगू झाले, आणि त्या दोघांसाठी १९६४ साली जो निधी उभारला गेला त्यातूनच सर्व जखमी जॉकींचा कायमस्वरूपी निधी निर्माण झाला. एवढ्यावर न थांबता अध्यक्ष डेन्मार्कला गेले. लिस हार्टेल या बाईंना १९४४ साली पोलिओने गाठले, गुडघ्याखालचे पाय निकामी झाले, तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी अश्वारोहणात रौप्यपदक मिळवले. घोड्यावर चढायला आणि उतरायला मात्र त्यांना माणसाचा आधार लागे. हे ऐकून माझा आत्मविश्वास बळावला, कारण चढता-उतरताना आधार लागण्यापुरती माझी आणि त्या बाईंची योग्यता एकच होती. प्रश्न राहिला तो मधल्या काळाचा.

घोडे अर्थातच सारंगखेड्याच्या यात्रेहून परतणारे मिळाले. आणि सारंगखेड्याचा विषय निघाला की माझी लेखणी लगाम जुमानत नाही, याबद्दल वाचकांनी आगाऊ क्षमा करावी. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि सारंगखेडा तिकडे गेले, ही गोष्ट राजपत्रात नमूद असली तरी धुळेकरांनी ती अद्याप मनावर घेतलेली नाही. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताचे दर्शन घ्यावे आणि मग तापीकाठच्या त्या बाजारात, ज्याला अलीकडे चेतक महोत्सव असे भारदस्त नाव मिळाले आहे, दिवस मावळेपर्यंत नुसते हिंडावे. कानांची टोके आत वळून एकमेकांना टेकणारे मारवाडी घोडे, त्यांचेच भाऊबंद शोभणारे काठेवाडी, पंजाबाकडचे पांढरेशुभ्र नुकरे, चारही पाय आणि तोंड पांढरे असलेला पंचकल्याणी, अशी ती रांग पाहत जाताना आपणही कुणी सरदार असून खरेदीस निघालो आहोत असा भास होऊ लागतो. पण त्या बाजाराचे खरे शास्त्र आहे ते घोड्याच्या अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांचे. गळ्यावर देवमण असेल तर घोडा धन्याचे भाग्य उजळतो. डोळ्याखाली आंसूढाळ असेल तर जनावर कितीही देखणे असो, जाणकार माणूस हात आखडता घेतो. जबड्यात हात घालून दात पाहतात, कारण पाचव्या वर्षाच्या सुमारास तोंड पुरे भरते आणि पुढे दातांची झीज वय सांगते. आणि अखेरीस रुमालाखाली बोटांना बोटे लावून, ओठ न हलवता, लाखांचे सौदे होतात. एकदा मीही तज्ज्ञाचा आव आणून एका घोडीचा ओठ उचलून पाहिला. व्यापारी शांतपणे म्हणाला, “साहेब, घोडी घ्यायची आहे, की नुसतेच दात मोजायचे?” आणि त्याने मला पायापासून फेट्यापर्यंत असे न्याहाळले की, माझे तोंड मिटलेले असूनही माझे वय त्याला बिनचूक कळले, याबद्दल मला संशय उरला नाही.

तात्पर्य, शिबिरात माझ्या वाट्याला घोडी आली ती बिजली नावाची काठेवाडी, आणि तिच्याबरोबर तिचा सईस. त्याला सगळे ‘बिजलीवाला’ म्हणत. डावीकडून चढायचे, लगाम सैल पण हातात ठेवायचा, रिकिबीत पायाचा चवडा तेवढा टेकवायचा आणि टाच खाली दाबायची, एवढे त्याने शांतपणे सांगितले. मी वर बसल्याबरोबर जमीन किती लांब आहे याचा अंदाज घेऊ लागलो, तेव्हा तो म्हणाला, “नाना, खाले नका देखा. तुम्ही जठे देखतस, घोडी तठेच जास.” अव्वल कारकुनीच्या साऱ्या नोकरीत वरिष्ठांकडून इतका उपयुक्त हुकूम मला मिळाला नव्हता. घोडी दुडकी चालीने चार पावले गेली. माझी पाठ ताठ झाली, मान उंचावली, आणि छायाचित्रकाराने तेवढ्यात काम उरकले. ते चित्र हल्ली आमच्या दिवाणखान्यात आहे. चौकट बिघडते म्हणून त्याने बिजलीवाल्याला कापले आहे. लगामाजवळ एक मनगट मात्र राहून गेले.

चवड्याचा एवढा आग्रह का, असे मी उतरल्यावर विचारले, तेव्हा त्याने धोतर वर करून उजवा घोटा दाखवला. हाड जुळले होते, पण वाकडे. पाऊल बाहेरच्या अंगाला वळलेले, आणि पोटरीवर रिकिबीच्या पट्ट्याचा काळा वळ. एका धनिकाचे शिंगरू फिरवायला शिकवीत असता समोरून वरात आली, सुतळी बॉम्ब फुटला, हा पडला, आणि पाय रिकिबीत आरपार गेल्यामुळे सुटला नाही. शिंगराने याला बांधापर्यंत फरफटत नेले. शिंगराच्या गुडघ्याला खरचटले होते, त्याच्यासाठी तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर आले. याला हळदीचा लेप मिळाला.

इथे माझी थट्टा थांबते. ज्या बाजारात घोड्याची आई कोणती, बाप कोणत्या गावचा, आजा कुणाच्या पागेतला, याची कैफियत लहान पोराला तोंडपाठ असते, तिथे त्याच घोड्याला माणसाळवणाऱ्या माणसाचे आडनाव कुणाला ठाऊक नसते. घोड्याच्या अंगावरचा प्रत्येक भोवरा मोजला जातो. माणसाच्या अंगावरचे वळ कोण मोजतो? नवरदेव, पुढारी, आणि फेटा बांधलेला सेवानिवृत्त कारकून, हे सारे ज्याच्या भरवशावर उंच बसतात तो खाली पायी चालतो, आणि लाथ बसलीच तर प्रथम त्याला बसते.

मी बिजलीवाल्याचा मदतीसाठीचा अर्ज स्वहस्ते लिहून शिबिराच्या कमिटीपुढे ठेवला. कमिटीने, शिरस्त्याप्रमाणे, दाखले मागितले: घोडेस्वार असल्याचा दाखला, दवाखान्याचा कागद, कुठल्यातरी मान्य संस्थेचे सभासदत्व. एका वकील सभासदांनी तर असा मुद्दा काढला की, घोडे दुसऱ्याच्या मालकीचे असता त्यावर पगारी बसलेल्या इसमास स्वार म्हणता येईल काय? ब्रुकशॉ आणि फॅरेल तरी कुठे स्वतःच्या पागेतले घोडे पळवीत होते, असे मी विचारले; परंतु ते विलायतेतले असल्याने हा दाखला येथे गैरलागू ठरला. अखेर, पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचे भरीत आणि कळण्याच्या भाकरी यांच्या साक्षीने सर्वांची मने द्रवली आणि थोडी रक्कम मंजूर झाली. हिशेबतपासनीस या नात्याने जमाखर्च माझ्याकडे आला, तेव्हा मंडप, हारतुरे, छायाचित्रे आणि भरीत यांना स्वतंत्र खाती असल्याचे मला आढळले. बिजलीवाल्याची रक्कम ‘किरकोळ’ खाती पडली होती.

त्या जमाखर्चावर मी सही केलेली नाही. उलट ठराव लेखी दिला आहे: शिबिराच्या खर्चात पहिले खाते सईसांचे असावे, ज्यांना घोड्यावर केवळ छायाचित्रापुरते बसायचे आहे त्यांच्याकडून दुप्पट शुल्क घ्यावे, आणि त्याचा प्रारंभ माझ्यापासून करावा, आणि यात्रेत घोड्याचा सौदा होताना जात, रंग, वय लिहितात त्याच कागदावर त्याला शिकवणाऱ्या माणसाचे संपूर्ण नाव लिहून, त्याच्या दुखापतीसाठी खरेदीदाराकडून चार पैसे वेगळे काढून ठेवावेत. ठराव अत्यंत स्तुत्य असल्याचे कमिटीने एकमताने मान्य केले, आणि अधिक विचारार्थ तो पुढील भरताच्या हंगामापर्यंत तहकूब ठेवला.